शेंदराखालचा मारुती

रविवार, ४ मार्च १९७३

धरणाचे पाणी ओसरले आणि गडाखालचे हेमाडपंती देऊळ उघडे पडले, म्हणून संध्याकाळी धाकट्या दिरांबरोबर पाहायला गेले. मारुतीवर ताजा शेंदूर. इतका जाड कशाला? माझ्या आठवणीतला मारुती कमरेएवढा होता, हातातली गदा स्पष्ट दिसे. हा तर गुडघ्याएवढा गोटा. मूर्ती कोणी बदलली तर नाही ना, असे मी दिरांना विचारले.

"वहिनी, पान्यात देव झिजत्यात," दीर म्हणाले. "तुमी कालेजात शिकल्या, तुमाला जिथं तिथं चोर दिसत्यात."

दोन पावसाळे पाण्याखाली राहून पाषाण इतका झिजतो? शेंदूर दिसला की आमचे लोक हात जोडतात, खालचा दगड कोण पाहतो? मूर्ती विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असणार. बाहेरचा असेल का तो?

देऊळ बुडण्याआधी दीर या मारुतीपुढे डोके टेकल्याशिवाय कधी पुढे जात नसत. आज त्यांनी वहाणासुद्धा काढल्या नाहीत.