चारही मशीनना वाचता येईल असं

बाबा, तुमचा कोड परवा मी काढून टाकला. तुमच्या सरकारी ऑफिसचं ते जुनं काम आता नोएडातल्या आमच्या कंपनीकडे आहे, आणि टीममध्ये मी सगळ्यांत जुनी, म्हणून मंजुरी मीच द्यायची होती. ज्या चार तऱ्हेच्या मशीनसाठी तुम्ही तो लिहिलात, त्यांतलं एकही आता चालू नाही. ठेवायचा कशाला, असं मीटिंगमध्ये ठरलं. त्यात चूक काहीच नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

मी कॉलेजात असताना कोपर्निकस मार्गावर मराठी जेवण जेवायला न्यायचं म्हणून तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत आणि संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवलंत. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आहे, भुकेनं डोकं दुखतंय, आणि तुमची माणसं फाइलींच्या नावांवरून भांडताहेत. एकच प्रोग्राम चारही मशीनवर चालायला हवा, पण प्रत्येकानं आपापल्या मशीनला रुचतील अशी नावं दिलेली, ती दुसरीकडे उघडत नाहीत. आपलं नाव कोणी सोडायला तयार नाही. मग तुम्ही पेन्सिल घेऊन आधी स्वतःची नावं खोडलीत. "लीजिए, मेरे वाले गए. अब बोलिए." त्यानंतर कोणाला अडून बसता येईना. नियम ठरला: नावात फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मशीनचं नाव जिथे काम खरंच वेगळं तिथेच. माणसाचं नाव कुठेच नाही. त्या दिवशी आपण जेवलोच नाही.

पुढे मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला आणि त्याच्या फाइलींना देवनागरीत नावं दिली. घरात एकही हिंदी शब्द तुम्ही खपवून घेत नव्हतात, तेव्हा खूश व्हाल असं वाटलं होतं. तुम्ही तो ऑफिसात नेऊन पाहिलात आणि आल्यावर स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता म्हणालात, "तिकडे नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली. तुझ्या मशीनवर चालतं, याला चालणं म्हणत नाहीत." मी चिडून विचारलं, "मग घरात मराठीच बोल असं का म्हणता?" तुम्ही म्हणालात, "घरात आपणच आहोत. तिथे दुसरेही आहेत." मी कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

परवाच्या मीटिंगमध्ये एकजण हसत म्हणाला, "ये नाम रखने का सिस्टम किसने बनाया था यार? बिल्कुल सरकारी." मी जुनी म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "होंगे कोई." मग जागेवर येऊन सगळ्या कोडमध्ये तुमचं नाव शोधलं. एकदाही सापडलं नाही. तुम्ही नियम इतका चोख पाळलात, की माझ्या हातून पुसलं गेलं ते तुमचंच होतं हे आता कोणालाच कळणार नाही. मला तुमचा फार राग येतो, बाबा. खिडकीबाहेर तोच धूर आहे, ज्यानं शेवटच्या हिवाळ्यात तुम्हाला श्वास पुरू दिला नाही, आणि भांडायला तुम्ही नाही.

हे मी लॅपटॉपवर लिहिते आहे. फाइलचं नाव देवनागरीत 'बाबा' असं ठेवलंय. ती कुठे पाठवणार नाही. माझ्या मशीनवर चालते.