दुकानात धान घेणे चालू ठेवावे

मी, शकुनबाई गोपाळराव सेलोकर, वय ७२, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत, कोणी न शिकवता हे लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोक्याचा, गुडघ्यांचा नाही.

१. धानाचं शेत आणि बँकेतली ठेव मुलगा प्रविण याला द्यावी. पैशावर माझा राग नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात गुडघ्यांसाठी पोतंभर धान नेलं असतं, तर कोणी दारात उभं केलं नसतं. पैसा लागतो.

२. राहतं घर प्रविण आणि सून टीना यांचं, सारख्या हिश्शाने. मात्र समोरची खोली, म्हणजे किराणा दुकान, मालासकट एकट्या टीनाचं. प्रविणला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहिते.

हे दुकान माझ्या मजुरीतून उभं राहिलं. पूर्वी रोवणीची मजुरी धानात मिळायची. घरातला पैसा यजमानांच्या खिशात असे, मिठासाठीही मला हात पसरावा लागे. धानाला मात्र ते पैसा समजत नसत, म्हणून ते माझ्या हाती राहिलं. तेच मोहाडीच्या बाजारात विकून मी पहिला माल भरला. तेव्हापासून बाया पदरात धान आणतात, मी पायलीने मापून घेते आणि तेल, साबण, काय हवं ते देते. कोणाच्या घरी त्याची चर्चा होत नाही.

मागच्या वर्षी मी दवाखान्यात असताना प्रविणने धान घेणं बंद केलं. "हे दुकान हाय का राईस मिल?" म्हणाला. मंगलाबाई लेकीसाठी पॅड न्यायला आली, तर तिला भिंतीवरचं स्कॅनचं चित्र दाखवलं. तिच्या घरी फोन नवऱ्याचा, खातंही नवऱ्याचं. ती पदर तसाच बांधून परत गेली. टीनाने मला दवाखान्यात सांगितलं, "आई, मी तिले मागच्या दारानं बलावलं. धान घेतलं, पाकीट देल्लं. यायले, तुमच्या लेकाले, नोका सांगू."

घरी आल्यावर मी प्रविणला विचारलं, "तिले काहून परत धाडलं?"

"नवऱ्याले मागावं ना तिनं," म्हणाला. मला फार लागलं. अगदी बापासारखा बोलला.

३. म्हणून अट. टीनाने धान घेणं बंद करू नये. स्कॅनचं चित्रही राहू द्यावं, ज्यांना सोय आहे त्यांना आहे. पण धानाची ढोली पुढच्या दाराशीच ठेवावी. कोणत्याही बाईला मागच्या दाराने यावं लागू नये.

४. पितळी पायलीही टीनाची. व्यापारी ताराचंद ती शोभेसाठी मागतो. त्याच्या मापात माझं धान दरवेळी कमीच भरलं. त्याला देऊ नये, दाखवूही नये.

५. प्रविणला दुकानातलं काही हवं असेल तर त्याने रोख पैसे द्यावे. मालकिणीचा नवरा म्हणून फुकट मिळणार नाही. पण कधी त्याच्याजवळ पैसा नसला आणि तो धान घेऊन आला, तर टीनाने ते मापून घ्यावं, कोणाजवळ बोलू नये आणि माझ्या लेकराला परत धाडू नये.

वरचं सगळं मी स्वतः वाचून सही केली. साक्षीदारांना यातलं काही मिळत नाही, चहा तेवढा मिळाला.

सही: शकुनबाई गोपाळराव सेलोकर

साक्षीदार:
१. बेबीबाई भुरे, शेजारीण
२. लक्ष्मणराव हेडाऊ, विणकर

आंधळगाव, १२ डिसेंबर २०२४