बिनचूक

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची. वृद्धाश्रमाच्या आवारातच कर्मचाऱ्यांचं वसतिगृह आहे. दुसऱ्या मजल्यावर खोली, दोन खाटा, दोन कपाटं, आणि नशीब बघा, खिडकी माझ्या बाजूला. शिकलेय परिचारिकेचं, पण सध्या मदतनीस म्हणून घेतलंय. इंग्रजीची मधल्या पातळीची परीक्षा पास झाले की परिचारिका, आणि परिचारिकेला दोन खोल्यांचं घर. घर मिळालं की ठमीला आणता येईल. ठमी माझी लेक, सात वर्षांची, सध्या माझ्या आईकडे असते. निघताना तिने बजावलं की नापास झालीस तर मला सांगू नकोस, आजीला सांग. परीक्षा बावीस तारखेला आहे. मेट्रनबाई म्हणाल्या की रिकामं घर एकच आहे, जिचे गुण जास्त तिला मिळेल.

खोलीतली दुसरी बाई पण शिकलेली परिचारिकाच, याच परीक्षेपायी अडकलेली. तोवर इस्त्रीघरात काम करते. तिच्या कपड्यांवर चुणी शोधून सापडायची नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव परीटघडी ठेवलं. स्वभावाने बरी वाटते, शेल्फवरची अर्धी जागा तिने न मागता रिकामी करून दिली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चार वाजता जेवणघरात शिकवणी असते. शिकवणाऱ्या बाई निवृत्त आहेत, पण कान तिखट. तोंडी परीक्षा जोडीने असते. चिठ्ठी उचलायची आणि स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी दोन मिनिटं सांगायचं. बाई म्हणाल्या, खरंखोटं कुणी तपासत नाही, बिनचूक सांगा म्हणजे झालं. माझी जोडी परीटघडीशी लागली.

तिने तोंड उघडलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आता स्वतःच्या वहीत काय लपवायचं? नळ सोडावा तसं इंग्रजी बोलते. मी एका वाक्यात चारदा अडखळते. पण गंमत अशी, की ती दोनदा नापास झालीय. तिच्याकडे सांगायलाच काही नाही. बालपणीचं विचारलं तर म्हणते, तसं काही घडलं नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. म्हणून आम्ही ठरवलं, मी गोष्टी सांगायच्या आणि तिने माझ्या चुका काढायच्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज तिला बाबांची गोष्ट सांगितली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा माझ्या हातून तिळाएवढा स्क्रू पडला. बाबा रागावले नाहीत. गिऱ्हाईक दारात उभं, आणि आम्ही बापलेक दुपारभर फरशीवर रांगत हसत होतो. तिने अकरा चुका काढल्या. मोजून अकरा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. तिने भर शिकवणीत माझ्या बाबांची गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. एक चूक नाही. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. खोलीत आल्यावर मी तिला झापलं, तर शांतपणे म्हणाली की खरंखोटं कुणी तपासत नाही ना. मला राग चोरीचा नाही आला. ती माझ्यापेक्षा छान सांगते, याचा आला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी सरावासाठी बाबांचीच गोष्ट सांगायला बसले आणि अडले. फरशीवर आम्ही काय शोधत होतो? वही उघडून बघावं लागलं. स्क्रू. अक्षर माझंच आहे. पण वाचताना दुसऱ्या कुणाच्या तरी बापाबद्दल वाचतेय असं वाटलं. जागरणं फार होतायत बहुतेक.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

परीक्षा तोंडावर, चुका काढायला दुसरं कोण आहे, म्हणून परवा तिला माझ्या कोपरावरच्या डागाची गोष्ट सांगितली होती. मी अकरा वर्षांची, उतू जाणारं दूध आणि माझी घाई. काल संध्याकाळी तिने ती मला म्हणून दाखवली, बिनचूक.

आज आंघोळ करताना कोपराला साबण लावला. कोपर गुळगुळीत.

दुपारी इस्त्रीघरात गेले. ती बाह्या सरसावून चादरी दुमडत होती. डाग तिच्या कोपरावर होता, जुना, चांगला मुरलेला.

आता तिला काही सांगायचं नाही. एक अक्षर नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मूर्ख. मूर्ख मी.

सराव परीक्षा होती. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की परीटघडी पहिली येणार, घर तिचंच समजा. माझा असा जळफळाट झाला, की मी जिवलग व्यक्तीची चिठ्ठी उचलली आणि ठमी सांगितली. मी कामाला निघाले की माझी एक चप्पल लपवून ठेवते, म्हणते आई लंगडी घालत जाऊन जाऊन किती लांब जाईल. सगळे हसले. बाई म्हणाल्या, आज हिने जिंकलं. मी वळून परीटघडीकडे बघितलं, जिरली का म्हणून.

ती हसत होती. म्हणाली, छान, फक्त तीन चुका झाल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

इस्त्री फिरवताना पुटपुटत असते. दाराआडून ऐकलं. चप्पल. लंगडी.

हात जोडले तिच्यापुढे. म्हटलं बाबा घेतलेस, डाग घेतलास, बाकी हवं ते घे, ही नको. ती म्हणाली, चिठ्ठी जी येईल ती येईल.

मीच आधी ठमी बिनचूक सांगितली तर राहील माझ्याकडे? दुपारपासून घोकतेय. दर वेळी एक चूक — दर वेळी —

शनिवार, २२ फेब्रुवारी

तिलाच ती चिठ्ठी आली.

समोर बसून सांगत होती. माझी मुलगी, म्हणाली. मला मध्येच ओरडता आलं असतं. पण जोडीदाराला मध्ये तोडलं की नापास. नापास म्हणजे घर नाही, घर नाही म्हणजे ठमी —

गप्प बसले. दोन मिनिटं.

एकही चूक नाही.

चप्पल — कोण लपवायचं —

रविवार, २३ फेब्रुवारी

आज हलकं वाटतंय. परीक्षा संपली.

अकराला फोन आला. एक लहान मुलगी, आई आई करत. परीटघडीचा फोन बंद असेल म्हणून माझ्यावर केला असणार. म्हटलं, थांब हं बाळा, तुझी आई आंघोळीला गेलीय, आली की देते. पोरगी आधी हसली. मग म्हणाली, आजी, बघ ना आई कशी करतेय —

परीटघडी ओल्या केसांनीच आली, फोन घेतला. किती वेळ बोलत होत्या दोघी. पोरीचं हसणं माझ्या खाटेपर्यंत ऐकू येत होतं.

खरं लिहिते, हेवा वाटला. असं एखादं लेकरू आपल्यालाही —

आता माझ्यासमोर उभी आहे. हात पुढे केलाय, वही मागतेय. म्हणते खूप चुका असतील, दे, मी नीट —