बिनखड्याची अंगठी

चिनिओट
१९ नोव्हेंबर २०२२

प्रिय शगुफ्ता भाभी,

अस्सलामु अलैकुम. तू आणि तुझ्या घरचे सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. झंगला आता थंडी पडू लागली असेल. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी फाडू नकोस. एकदा शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

"मदीहा, तू तर शिकलेली ना ग?" तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला एवढंच विचारलं होतंस. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, तुझे भाऊ तुला दोन्ही बाजूंनी धरून नेत होते आणि तू माझ्यासमोर थांबलीस. मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आता घरच्या बातम्या. मी बीए झाले. आपल्या घरातली पहिली. गाउन घातलेला फोटो अम्मानं फ्रिजवर ठेवलाय, पाहुणा आला की त्याला आधी फोटो आणि मग पाणी. मुलींच्या सरकारी शाळेत पाचवीला शिकवते. पहिल्याच दिवशी मी मुलींना सांगितलं, जिला लिहिता येतं तिला कुणी फसवू शकत नाही. सांगता सांगता तुझी आठवण झाली आणि मी फळ्याकडे तोंड केलं.

आणि अश्फाक भाईचं दुसरं लग्न ठरलं. मुलीचं नाव महविश. वडील निवृत्त पोस्टमन, चार बहिणींतली ही शेवटची. भरतकाम करते. तुझ्याबद्दल त्यांना काय सांगितलं असेल हे तुला ठाऊक असणारच. 'पहिली डोक्यानं जरा अशीच होती.' अम्मानं सांगितलं आणि मी समोर बसून चहा ओतत होते.

मागच्या आठवड्यात गुरुवारी दोन्हीकडचे मिळून सराफ्यात गेलो. तिच्यासाठी सोन्याची आणि भाईसाठी, पुरुषाला सोनं चालत नाही म्हणून, चांदीची अंगठी घ्यायची होती. महविश, तिची आई, अम्मा, भाई आणि मी. भाई इस्त्रीचा सूट घालून, अत्तर लावून आला होता. तुला माहीत आहे तो बाहेर कसा असतो. महविशच्या आईला त्यानं खुर्ची ओढून दिली, स्वतः उभा राहिला.

महविशची अंगठी पटकन झाली. सोन्याचा भाव ऐकूनच सगळे शहाणे झाले. एक मोती असलेली हलकी अंगठी तिनं घेतली आणि अम्माला म्हणाली, "खालाजान, अंगठी हलकी चालेल, सासू भारदस्त मिळतेय." अम्मा चक्क हसली. भाभी, पोरगी तशी आहे. मला ती पहिल्या भेटीतच आवडली, आणि त्याच रात्रीपासून माझं जेवण कमी झालं.

मग भाईचं माप. सोनारानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. एकही कडं मधल्या पेरावरून पुढं सरकेना.

"उस्ताद, हे हाड कधी मोडलं होतं?" सोनारानं विचारलं. "नीट बसवलेलं नाही. पेरावरून जाईल अशी दिली तर खाली सैल होणार."

"लाकूड पडलं होतं," अम्मा म्हणाली. "सुतारकामात व्हायचंच."

"इतकी नाजूक पानं कोरणारा हात," महविशची आई हळहळली. "आमच्या भाच्याच्या लग्नात पलंग बघितला तुमचा. पाकळी न् पाकळी जिवंत."

लाकूड पडलं नव्हतं. ते हाड तुझ्या जबड्यावर मोडलं. त्या वेळी तुझे दोन दात गेले आणि घरात हळद त्याच्या हाताला लागली.

महविशनं काचेखालच्या खणात बोट दाखवलं. "ती." अकीकाची होती. काळसर लाल खडा, चांदीच्या चार नख्यांत धरलेला. भाभी, थेट त्या जुन्या अंगठीसारखी. सोनारानं मोठ्या मापाची काढून दिली, भाईनं घातली, मूठ वळून हात लांब धरून बघितला. महविश लाजली आणि म्हणाली, "शोभते."

"नको," अम्मा म्हणाली. "खड्याची नको. साधी घेऊ, नुसतं कडं."

"अहो बहेन, अकीक बरकतीचा असतो," महविशच्या आईला नवल वाटलं. "आणि ही आमच्याकडून आहे. खर्चाचा विचार तुम्ही कशाला करता?"

"साधीच बरी."

महविशचं तोंड एवढंसं झालं. पहिलीच वस्तू निवडली आणि सासूनं खोडली. अम्मानं माझं कोपर धरून मला सुरया-तबकांच्या कपाटामागं नेलं.

"तू सांग त्यांना. तू शिकलेली, तुझं ऐकतील. खडा नको."

"का पण?"

अम्मानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गातली सगळ्यात मंद मुलगी. मग अगदी हळू, समजावत म्हणाली, "अग, खडा फाडतो. साध्या कड्यानं नुसती सूज येते. मी त्या पोरीच्या भल्याचंच बघतेय."

बोलताना तिचा हात आपोआप स्वतःच्या भुवईकडे गेला. तिची उजवी भुवई मध्ये तुटलेली आहे ना, तिथं. लहानपणी विचारलं की ती सांगायची, हापशाचा दांडा लागला. पण आपला हापसा माझ्या जन्माच्या वर्षी बसवला आणि तिच्या लग्नाच्या फोटोनंतरच्या, माझ्या जन्माआधीच्या एका फोटोत भुवई तुटलेलीच आहे. अब्बांचीही अंगठी खड्याची होती. मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेन. त्या दिवशी सराफ्यात, कपाटामागं, पहिल्यांदा मला तो दिसला. तुझ्या वेळी डॉक्टरांनी विचारताच तिच्या तोंडून 'हापशावर पडली' कसं झटकन निघालं, तेही समजलं. तिनं ते तयार केलं नव्हतं. तिच्याकडे होतंच.

बाहेर आलो तर महविश माझीच वाट बघत होती. "आपा, तुम्ही सांगा. खरंच वाईट दिसते का?"

मी म्हणाले, "वाईट दिसत नाही. पण अशाच अंगठीनं भाईनं शगुफ्ता भाभीचा डोळा फोडलाय. ती वेडी नव्हती. रमजानात इफ्तारच्या आधी सरबतात साखर कमी पडली म्हणून..."

पुढचं मला बोलता आलं नाही. त्याचा हात मी येताना बघितलाच नाही. काउंटरची काच माझ्या कपाळाखाली तडकली. तो दुसऱ्यांदा मारत होता तेव्हा मला फक्त त्याचं अत्तर कळत होतं आणि अम्मा म्हणत होती, "तोंडावर नको, अश्फाक, तोंडावर नको!" तिसऱ्यांदा त्यानं माझे केस धरले. शेजारच्या दुकानातल्या दोघांनी त्याला मागून आवळलं तेव्हा माझे केस सुटले. आणि लगेच कसा शांत झाला, भाभी! बाही नीट केली, महविशच्या आईला म्हणाला, "माफ करा. हिला असे झटके येतात. शिकून डोकं फिरलंय."

अंगठी त्याच्याच बोटात होती. सोनार पुटपुटला, "उस्ताद, माल." भाईनं ती पेरावरून ओढून काढली. सोनारानं फडक्यानं पुसली, खड्याभोवतीच्या नख्यांमधून काडी फिरवली आणि परत खणात ठेवली. महविश ते सगळं बघत होती.

दवाखाना तोच. खिडकीतून पुढं आलेला कागदही तोच, 'जखमेचं कारण' असा रकाना असलेला. अम्मा माझ्या रक्तानं तिचीच ओढणी भिजवत बाजूला उभी होती. तिनं पेन माझ्या हातात दिलं.

"लिही. हापशावर पडले."

मी लिहिलं, 'सख्ख्या भावानं मारलं.' अम्माला वाचता येत नाही. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, "शाबास."

गालाला सात टाके पडले. डोळा वाचला.

मला वाटलं होतं, आता काही उरलं नाही. इतक्या लोकांसमोर घडलं, सोयरीक मोडणारच. शनिवारी महविशच्या वडिलांचा निरोप आला: भावाबहिणीचं भांडण कुठल्या घरात होत नाही, साखरपुडा पुढच्या शुक्रवारीच, अंगठी बिनखड्याचीच घेऊ. अम्मानं मिठाई वाटली. भाईनं माझ्या खोलीच्या दारात उभं राहून म्हटलं, "शाळेत कळव, महिनाभर येत नाही म्हणून. आणि पुन्हा तोंड उघडलंस तर टाके घालायला जागा ठेवणार नाही."

सोमवारी मी शाळेत गेले. मधल्या सुट्टीत महविश फाटकाशी आली. तिनं माझी ओढणी बाजूला केली, टाक्यांच्या आजूबाजूच्या खुणांवर बोट ठेवत गेली. "चार," ती म्हणाली. "आपा, ही माझीच निवड."

"तुझा काय दोष?"

"मी अब्बांना सांगितलं. ते म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ. अम्मीनं डोळ्यानं बघितलं, तीही गप्प. त्यांनी जन्मभर कागद वाटलेत आपा, बोललेलं त्यांना खरं वाटतच नाही. मला कागद द्या. शिक्का असलेला. तुम्हाला लिहिता येतं ना?"

भाभी, तू विचारलंस तेच, तिनं दुसऱ्या शब्दांत विचारलं. इथं मी थोडी थांबते, कारण जे सांगायचं टाळत आले ते आता टाळून चालणार नाही.

त्या दिवशी तू आत भूल दिलेल्या अवस्थेत होतीस आणि बाहेर तो रकाना मी भरला. माझ्या सुंदर अक्षरात. 'रुग्ण हापशाच्या दांड्यावर पडली.' खाली मी सहीही केली, साक्षीदार म्हणून. बिरादरीच्या बैठकीत तोच कागद वाचून दाखवला गेला, तुला खोटारडी ठरवलं गेलं, आणि तलाक देऊन तुला एका डोळ्यानिशी माहेरी धाडलं. मी घाबरले होते, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. भाईनं मारलं असतं, असं. खरं ते नाही. त्यानं मला तोवर कधी बोटही लावलं नव्हतं. माझी फी तो भरायचा. पलंग कोरून कोरून त्यानं मला कॉलेजात ठेवलं होतं, पेनं आणून द्यायचा, शाईची, महागातली. बीएच्या परीक्षेची फी भरायला तीन दिवस उरले होते. दवाखान्यात त्यानं मला पेन दिलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "तुझ्या फीचे पैसे अम्माकडे ठेवलेत." मी पेनाचं टोपण काढलं.

त्या पेनानं मी परीक्षाही दिली.

मंगळवारी मी पोलीस ठाण्यात गेले. तक्रार लिहून घेणारा मुन्शी म्हणाला, "बाई, घरचं घरात मिटवा, भाऊ आहे." मी म्हणाले, तुम्ही लिहू नका, मीच लिहिते. पाच पानं लिहिली. चार पानं तुझी आणि एक माझं. तिसऱ्या पानावर लिहिलंय की अमुक तारखेला दवाखान्यात मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. मुन्शीनं ते वाचून विचारलं, "ही ओळ ठेवायची? यात तुम्हीच अडकता. नोकरी जाईल." मी म्हणाले, ठेवायची. एफआयआर झाली.

दुपारी पोलीस मला गाडीत घालून भाईच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथं सात-आठ कारागीर बसलेले, सगळ्यांच्या केसांत लाकडाचा भुसा. शिपायानं विचारलं, "यातला कोणता?" मी हात करून भाईला दाखवलं. भाई पटाशी घेऊन उठला. शिपायाची काठी त्याच्या मनगटावर बसली तेव्हा झालेला आवाज मला ओळखीचा वाटला. तो पडल्यावरही ते मारत राहिले, बुटांनी, पाठीत, पोटात. "बस, बस!" मी ओरडले. शिपाई हसून म्हणाला, "तुमच्यासाठीच तर चाललंय." माझ्यासाठी नव्हतं, भाभी. हे मला नको होतं. पण पकडू नका असंही मी म्हणाले नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. समोर शीशमच्या फळीवर अर्धी कोरलेली वेल होती.

घरी अम्मानं लाटण्यानं मला पाठीवर मारलं, आणि मारता मारता ती रडत होती. मी तिचा हात धरला नाही. थकल्यावर ती हापशाशी जाऊन बसली. मी तिला फोटोबद्दल विचारलं. तिनं भुवई झाकली आणि म्हणाली, "तुझे अब्बा मनानं वाईट नव्हते ग." मग म्हणाली, "जा. इथं राहू नकोस, तो सुटून येईल." शिव्या देतच तिनं माझे कपडे पिशवीत भरले. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे आले आहे. शिक्षण खात्याची नोटीस कालच मिळाली.

एफआयआरची एक प्रत महविशला दिली. तिच्या वडिलांनी ती उभ्यानं दोनदा वाचली, शिक्का उजेडात धरून बघितला. काल शुक्रवार होता. साखरपुडा झाला नाही.

दुसरी प्रत या पाकिटात आहे. तुझ्या बिरादरीत ज्यांनी माझा पहिला कागद ऐकला त्यांना ही ऐकव, किंवा नको ऐकवूस. तुझा पत्ता मी ठाण्यात दिलेला नाही. साक्षीला यायचं की नाही हे तुझं तू ठरव, तू आली नाहीस तरी मी माझा जबाब मागे घेणार नाही. माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि आमच्या घराला तू पुष्कळ दिलंस.

ते पेन पुराव्यात जमा केलं. मुन्शी म्हणाला, याची गरज नाही. मी म्हणाले, घ्या, पावती द्या. हे पत्र पेन्सिलीनं लिहिलंय, म्हणून पुसट दिसत असेल.

सहीखाली मी नेहमी बीए लिहिते. तुला लिहिताना लिहीत नाही.

मदीहा