हळदीच्या दिवसाची डिस्क

नंदनवन, नागपूर
ता. ९ जून २०२४

चि. सुशीलले ताईचे आशीर्वाद.

आम्ही इथं बरे आहो, तूही असशीलच. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोनवर काजलचं नाव निघालं की तू चूप बसते अन् मी बोंबलते. चौथी शिकली मी, अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

डब्यात तुझ्या लग्नाची सीडी आहे. पंधरा वर्षं झाली. त्यात काजल वरातीत नाचते अन् माईक धरून साऱ्यायले मामाच्या लग्नाले या म्हणते. माझ्या पोरीचा आवाज या जगात तेवढ्या एकाच जागी आहे. नऊ वर्षांची होती, तुझ्या लग्नाच्या अकराव्या दिवशी कावीळ घेऊन गेली. आता सीडी लावली की मशीन खर्र खर्र करते, चौकोन चौकोन दिसतात अन् बंद पडते. गांधीबागेतला दुकानदार म्हणे, काकू फेकून द्या. त्याले जे म्हणायचं ते मी म्हटलं.

हयगय माझी नाही. देव्हाऱ्यात ठेवली होती. चमकते ती बाजू खाली, मऊ फडक्यावर. तिले कोणाले बोट लावू दिलं नाही. वरून तुमची नावं छापली आहे तिथं दर वर्षी काजलच्या तिथीले ओलं कुंकू लावलं, दुसऱ्या दिवशी घासून पुसलं. लोक जित्या माणसाची एवढी काळजी घेत नाही.

तू दवाखान्यातले जुने कागद त्या निळ्या डिस्कवर चढवते ना? शेजारची नूपुर सांगून राहिली का त्याच्यावर तोंडावरचा तीळही दिसते. तर माझी काजल तशी साफ करून दे. अन् त्यात तुझी ती सोनिका दिसते, तेवढी कापून टाक. पांढऱ्या पायाची घरात आली अन् अकरा दिवसांत पोर खाल्ली. दीड वर्षात तिले माहेरी धाडलं ते बरंच झालं.

नेहमीसारखं पाहतो ताई म्हणू नको. पाहू नको, कर.

माया आहेच, ती लिहून काय सांगू.
तुझी ताई वंदना

—

पुणे
ता. २४ जून २०२४

ती. ताईस, सुशीलचा शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. चार मशीनवर प्रयत्न केला. सात सेकंदं निघाली, तीही मुकी. त्यांत मांडवाचा खांब आहे आणि कोणाची तरी चप्पल.

ताई, हे लिहायला हात धजत नाही. सीडीचं चित्र चमकत्या बाजूला नसतं. ते असतं वरती, छापील नावांच्या अगदी पापुद्र्याखाली. खालच्या बाजूला चरा पडला तर एक वेळ निभावतं, वरून खरवडलं की चित्रच सोलून निघतं. ओल्या कुंकवानं आणि घासण्यानं ते निघालं. पुढे डीव्हीडी आली, तिच्यात तो थर दोन चकत्यांच्या मधोमध झाकून ठेवलेला असतो. निळ्या डिस्कवर तर कडक लेपच असतो. तुझ्या हाती पडली ती सगळ्यांत नाजूक जात. तू देवासारखी जपलीस, यात तुझा दोष नाही.

आणि निळी डिस्क, म्हणजे ब्लू-रे, चित्र नवं करत नाही. तिच्यावरची खूण निळ्या प्रकाशानं वाचतात, तो फार बारीक. दाभणानं टाके घातले तर रुमालावर चार बसतील, बारीक सुईनं शंभर, तसं. तिच्यात पस्तीस सीडींचा मजकूर मावतो. सीडीत जागा कमी, म्हणून लग्नाचं शूटिंग चेपून चेपून बसवायचे आणि चेहरे सारवल्यासारखे व्हायचे. जे तेव्हा सारवलं गेलं ते आता मोठ्या डिस्कवर चढवून परत येत नाही.

माझ्याजवळची सीडी सोनिका गेली त्या दिवशी मी मोडली.

काजल स्वच्छ दिसेल अशी एकच जागा आहे. तुम्ही उष्टी हळद घेऊन सोनिकाच्या घरी गेलात तेव्हा तिच्या भावानं मोठ्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं होतं. त्यानं ती टेप जपली आणि काही न चेपता निळ्या डिस्कवर चढवली. ती डिस्क तिकडे नागपुरातच, बेसाला सोनिकाकडे आहे, हे मागे त्यानंच मला सांगितलं. मला तिच्याकडे जायला तोंड नाही. तू तिला पांढऱ्या पायाची म्हणालीस तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा सुशील

—

नंदनवन
ता. २ जुलै

सुशीलले आशीर्वाद.

माझ्याच कुंकवानं गेली म्हणते. बरं. तीन दिवस जेवण गेलं नाही मले, तुले बरं वाटलं असंन.

त्या बाईच्या दारात मी जात नाही. तू फोन कर अन् मागून घे. नवरा होता ना तिचा, एवढं तर कर जन्मात.

ताई

—

पुणे
ता. ११ जुलै

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

फोन केला. चौदा वर्षांनी आवाज ऐकला.  सोनिका म्हणाली, डिस्क आहे, पण ताईंना सांगा, नका पाहू. कारण विचारलं तर सांगेना. तू हट्ट करू नयेस असं मलाही वाटतं.

सुशील

—

नंदनवन
ता. ५ ऑगस्ट २०२४

चि. सुशीलले आशीर्वाद.

गेली मी बेसाले. नका पाहू म्हणणारी ती कोण, म्हणून भांडायलेच गेली होती. दार तिनंच उघडलं. केस पांढरे झाले तिचे. शाळेत शिकवते, एकटीच राहते. मी चप्पल न काढता म्हटलं का माझी पोर दे. तिनं पाणी दिलं, पंखा लावला. पुन्हा एकदा म्हणाली, ताई, राहू द्या. मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

खरंच रे, तीळ दिसते. हनुवटीखालचा, जो मीही विसरली होती. उष्ट्या हळदीची वाटी घेऊन काजल उभी आहे. त्या दिवशी साऱ्या करवल्यायनं एकमेकींच्या तोंडाले हळद फासली होती, कोण कोणती ते ओळखू येत नव्हतं. मग सोनिकाची आई ओलं फडकं घेऊन काजलचं तोंड पुसते. कपाळ साफ होते, गाल साफ होते. डोळे होत नाही. डोळ्यातलं पांढरं सारं पिवळं आहे. हळद डोळ्यात जात नाही, सुशील.

डॉक्टरनं तेव्हा म्हटलं होतं का आजार आधीपासूनचा आहे, अंगात मुरला आहे. मी त्याच्यावर वरडली होती. माझी पोर ती बाई यायच्या आधी धडधाकट होती म्हणून.

पुढं कोणी तिच्यासमोर लाडवाची ताटली धरते. ती तोंड फिरवते, म्हणते मळमळते. तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक बाई बाजूनं येते, नखरे करू नको म्हणून दटावते अन् लाडू तिच्या तोंडात कोंबते. पोरीच्या तोंडाकडे पाहतही नाही, पाहुण्यायकडे पाहून हासते. ती मी आहो.

अन् हे सारं सोनिकानं आपल्या घरात पाऊल टाकायच्या एक दिवस आधीचं आहे.

तिले विचारलं, हे तू कधी पाहिलं? म्हणाली, डिस्क झाली त्याच वर्षी, दहा वर्षं झाली. मग माझ्या तोंडावर आणून काहून नाही मारलं? तर म्हणे, ताई, कोणत्या आईले जाऊन दाखवू? दहा वर्षं लोकायनं तिले काय काय म्हटलं, अन् तिच्या कपाटात हे होतं.

मी उठून दाराशी गेली अन् तेव्हा कुठं चप्पल काढली. तिनं आपणहून डिस्क हातात दिली. घरी आणून आपल्या मशीनमध्ये टाकली तर वाचतच नाही. जुन्या मशीनले तो निळा प्रकाश नाही म्हणते नूपुर. तू नवीन मशीन पाठवतो म्हणशील, तर पाठवू नको. डिस्क मी तिच्याकडेच परत नेऊन ठेवली. मले पाहायची असंन तर तिच्या घरी, तिच्या बाजूले बसून पाहीन.

दोन रविवार झाले, जाते.  लाडवाची जागा आली की ती रिमोट माझ्या हातात देते. बंद करायचं बटन कोणतं ते मले समजते. मी दाबत नाही.

तुले जमलं तर मनात जागा ठेव माझ्यासाठी.
वंदना