घोडा-बंदुकीचा खेळ

मुक्काम चौक,
ता. २७ जानेवारी १९४७

तीर्थस्वरूप सुंदराआक्का हिला धाकट्या पोपटाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीनं धरला होता, तो आता मोकळा झाला. म्हैस व्याली, रेडा झाला. आईनं तुझ्यासाठी कडवे वाल बाजूला काढून ठेवलेत. आमच्या सिनेमाच्या तंबूचा मुक्काम अजून चौक गावातच आहे, हमरस्त्याच्या कडेला. खेळ बदलायचा म्हणून मालक गोपाळकृष्णपंत कर्जतहून दोनदा येऊन गेले, पण गर्दी बघून तसेच परत गेले.

तिळगूळ परत आला. पुडीचा दोरासुद्धा तू सोडला नव्हतास. आमचा तंबूतला गजा खेळाच्या पाट्या लावायला कशेळ्यास येतो म्हणून त्याच्या हाती दिला होता. तू त्याला दारातच सांगितलंस म्हणे, ज्या तोंडानं त्यांना हात जोडायला लावले त्या तोंडाचं गोड मला नको. गजा पुढचं सांगायला लागला तर तू दार लावून घेतलंस. ती पुडी मी खाल्ली नाही आणि टाकलीही नाही. तंबूच्या बांबूला टांगून ठेवली आहे.

आबाजी पाटलाच्या माणसांनी बाजारात अर्धीच गोष्ट पसरवली आहे, की पोपटानं भरल्या तंबूत आपल्या मेलेल्या मेव्हण्याला आबाजीच्या पाया पडायला लावलं. खरं आहे. लावलं. आता उरलेली अर्धी ऐक, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

माझं काम तू कधी पाहिलं नाहीस. खेळ इंग्रजी असतो, लोकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पडद्याच्या बाजूला टेबल टाकून मी भोंग्यातून गोष्ट सांगतो. इंग्रजी मलाही येत नाही. मालकांची समजूत आहे की येतं. चित्रं बघून जे सुचेल ते सांगायचं, गोऱ्या बायांना आपल्याकडची नावं द्यायची, आणि एकदा सांगितलं ते दुसऱ्या दिवशीही तसंच सांगायचं, एवढीच त्यातली विद्या.

सध्याचा खेळ घोडा-बंदुकीचा आहे. एक मोठा माळ, त्यावर गुरं, आणि त्या गुरांच्या मालकाला सगळा माळ हवा. कडेला एक गडी लाकडाच्या खोपटात राहतो, तो काही केल्या हलत नाही. मग मालक त्याचं खोपट जाळतो. तिथला फौजदार छातीवर पत्र्याची चांदणी लावून नुसता हिंडतो. शेवटी कुठूनसा एक घोडेस्वार येतो, टोपी डोळ्यांवर ओढलेली, कमरेला दोन पिस्तुलं, आणि भररस्त्यात मालकाला उडवतो. लोक तेव्हा इतके ओरडतात की मला भोंगा खाली ठेवावा लागतो.

कर्जतला गोपाळकृष्णपंतांनी तो खेळ आधी आम्हालाच लावून दाखवला. खोपट पेटलं आणि माझी वाचा गेली. मालक म्हणाले, "अरे पोपट, बोल की." मला आपलाच माळ दिसत होता.

पुढचं तुला माहीत आहे, तरी क्रमानं लिहितो, कारण तुला ते याच क्रमानं चार लोकांत सांगावं लागणार आहे. लढाईच्या दिवसांत गवताला मागणी आली. आसपासच्या सगळ्यांनी गवत आपल्याच हाती द्यायचं, असा आबाजीचा दंडक. दाजींनी तो मोडला आणि आपलं गवत आपल्या गाडीनं कर्जत स्टेशनला नेलं. शिमग्याच्या आधी त्यांच्या गंजी पेटल्या आणि राखणीच्या खोपटात दाजी गेले. पंचनाम्यात आलं की दारूच्या नशेत बिडी पडली. दाजी दारूला शिवत नव्हते हे पंचांनाही ठाऊक होतं, तरी अंगठे उठले. आबाजीनं सांगितलं, आपण त्या रात्री खालापुरास कचेरीच्या कामानं मुक्कामी होतो. पोलीस पाटीलच सांगतोय म्हटल्यावर कोण विचारणार?

गेल्या भाऊबीजेला तू मला ओवाळलंस. मी ताटात ओवाळणी घालायला गेलो तर म्हणालीस, ओवाळणी नको, हे ने. आणि भाताच्या कोंड्यात लपवलेली दाजींची ठासणीची बंदूक काढून माझ्या हातात दिलीस. कशासाठी ते मला कळलं.

तंबू चौकात लागला तो मीच मालकांच्या मागे लागून. आबाजी येणार हे ठरलेलं होतं. त्याच्या परवानगीशिवाय इथं खुंटी ठोकता येत नाही आणि फुकटचं तो सोडत नाही. पुढच्या रांगेत डाव्या अंगाला त्याची खुर्ची, माझ्या टेबलापासून हाताच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. बंदूक मी टेबलाखाली कनातीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती, बार भरून. शेवटच्या रिळात पडद्यावर गोळ्यांचा इतका धडाका असतो की त्यात आणखी एक आवाज कुणाला कळला नसता. पदू मशिनीवर असतो, त्याचं लक्ष काचेबाहेर नसतं.

आक्का, मी भ्यालो असं तू मनात आणलं असशील. पहिल्या दिवशी माझं बोट चापावर होतं. स्वारानं पडद्यावर पिस्तूल उपसलं तेव्हा मी आबाजीकडे बघितलं. तो हसत होता, पाय हलवत होता. तेव्हा माझ्या मनात आलं की हा आता मेला तर पाटील म्हणून मरेल. याची मोठी तिरडी निघेल, लोक हळहळतील, मला फासावर घालतील, आणि दाजी कागदावर दारुडेच राहतील. मला त्याचा जीव पुरेना. जे केलं ते त्याच्याच तोंडून बाहेर पडायला हवं होतं, आणि तेही गावासमोर. बोट काढलं ते त्यासाठी. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका मला माझाच राग आला होता.

वाट त्यानंच दाखवली. आबाजीची खोड तुला माहीत आहे. कुणी काही चुकीचं बोललं की त्याच्या जिभेला खाज सुटते. तुझ्या लग्नात त्यानं भटजींना मंगलाष्टकात अडवलं होतं. तंबूतही तेच. मी घोडा काळा म्हटलं की खुर्चीवरून आवाज येई, "तांबडा हाय त्यो." मी म्हणालो स्वार उत्तरेला गेला, तर म्हणे सावली बघ, दक्षिणेला गेला. लोक हसत आणि तो खूश होई. मग मी मुद्दाम चुका करायला लागलो. रोज एखाददुसरी. त्याला चटक लागली. ताडी पिऊन यायचा आणि माझी चूक कधी होते त्याची वाट बघत बसायचा.

मग एका शनिवारी तंबू खच्चून भरला होता. मागे चौकीचा हवालदारही पासावर बसला होता. त्या दिवशी मी गोष्टच बदलली. म्हणालो, हा माळ गवताचा आहे. या गड्यानं आपलं गवत आपल्या गाडीनं स्टेशनला नेलं. हा मालक म्हणाला, माझ्या हातून का नाही नेलंस? हळूहळू तंबूतली चुळबुळ थांबली. शेंगा सोलायच्या थांबल्या. माणसांना कळत होतं. एकट्या आबाजीला कळत नव्हतं, कारण तो माझी चूक धरायला टपला होता.

खोपट पेटलं. त्या रिळाचा शेवट मला पाठ आहे. छप्पर कोसळतं, आवाज एकदम तुटतो, पडदा पांढरा होतो आणि दुसरं रीळ चढवीपर्यंत सगळं चिडीचूप असतं. त्या शांततेत मी भोंगा खाली ठेवला. हात जोडले. रडवा आवाज काढून म्हणालो, आतला गडी दार ठोकतोय, म्हणतोय, मालक, तुमच्या पाया पडतो, मला सोडा, पोराबाळांचा धनी आहे.

आबाजी हसला. मोठ्यानं म्हणाला, "हॅट्. पाया पडनारा नव्हता त्यो. शेवटच्या दमापर्यंत मला शिव्या देत हुता."

पदूनं बत्ती मोठी केली. कुणी हललं नाही. शेंगा विकणारी सोनुबाई, जी आजवर त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नव्हती, ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "आबाजी, तू त्या राती खालापुरात हुतास ना रं?"

आबाजी खुर्चीखाली वाकला. वहाणा शोधायला लागला. मी टेबलाखालून बंदूक काढली, कापड सोडलं आणि त्याला दिसेल अशी टेबलावर ठेवली. त्यानं ती ओळखली. जमिनीवर बसलेल्या माणसांनी पाय मागे घेतले नाहीत, त्याला एकेकाला ओलांडत बाहेर जावं लागलं. अनवाणी गेला. वहाणा अजून इथंच पडून आहेत.

दुसऱ्या दिवशी माणसं आपणहून चालत खालापूरला गेली आणि जबान्या देऊन आली. ज्या पंचांनी अंगठे दिले होते त्यातला एक त्यांच्यात होता. फौजदार येऊन आबाजीला घेऊन जाईपर्यंत चार दिवस गेले, ते मी चवीनं पाहिले. न्हावी त्याच्याकडे फिरकला नाही. गुराख्यानं त्याची गुरं सोडली नाहीत, ती गोठ्यात हंबरत होती. त्याची बायको इंदूबाई नारळ घेऊन तंबूत आली, म्हणाली, ताडीच्या नशेत बोलले असं सांग. मी म्हणालो, दाजींना तुम्ही नशेत घातलंत ते आधी काढा. ती रडली. लहानपणी तिच्या हातचं मी खाल्लं आहे, तरी मला तिची दया आली नाही. लपवून काय करू?

आता जे लिहायला मी चार पानं टाळत आलो ते लिहितो. तुला आम्ही सांगितलं होतं की दाजी झोपेतच धुरानं गेले. आईनं सांगितलं, मीही मान हलवली. तसं नव्हतं. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा दाराची कडी बाहेरून घातलेली होती. दाजी दाराशी होते. ते जागे होते, आक्का. हे तुला कळू नये म्हणून दोन वर्षं आम्ही तोंड शिवून बसलो, आणि मला कडी माहीत होती म्हणूनच दार ठोकायचं सुचलं. ते हात जोडतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. म्हणूनच जोडायला लावले. खोटं इतकं मोठं हवं होतं की ते आबाजीला गिळता येऊ नये.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी खालापूरच्या कोर्टात सुनावणी आहे. त्याचा वकील म्हणणार की तंबूतली थट्टा होती. तू ये. दाजी दारूला शिवत नव्हते हे तू सांगायला हवंस, घरच्या माणसाच्या तोंडून ते आलं पाहिजे. इतकं करूनही तो सुटला, तर दोन वाटा आहेत. एक टेबलाखाली गुंडाळलेली आहे. दुसरी म्हणजे हा खेळ मी गावोगाव नेईन आणि तो जिवंत असेपर्यंत सांगत राहीन. कुठली, ते तू ठरव. तू म्हणशील ते मी करीन.

उत्तर आलं नाही तरी मंगळवारी कोर्टाच्या पायरीवर मी तुझी वाट बघत असेन, पुडी घेऊन.

तुझा,
पोपट


मुक्काम कशेळे,
ता. ४ फेब्रुवारी १९४७

चिरंजीव पोपट यास आक्काचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून चुलीत घालायला गेले होते, मग पुन्हा वाचलं. इकडे सगळे बरे आहेत. मावशीला खोकला आहे.

आईला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, तो भेटल्यावर. त्यांचं झोपेतलं मरण मला दोन वर्षं पटत नव्हतं. ते माणूस झोपेतसुद्धा कुणाचं ऐकून घेणारं नव्हतं. आता बरं वाटतंय असं लिहिलं तर लोक मला वेडी म्हणतील. पण बरं वाटतंय.

बंदुकीतला बार काढून टाक. एका गोळीत तो सुटेल आणि मला त्याला इतक्या लवकर सोडायचं नाही.

मंगळवारी येते. तिथं नवऱ्याचं नाव विचारतील. मी ते आजवर उखाण्यात घेतलं, तेही लोकांनी दार अडवलं तेव्हाच. साहेबापुढे उखाणा चालायचा नाही. काल घरात मोठ्यानं म्हणून बघितलं. मावशी दचकली. मग मी तीनदा म्हटलं.

कोर्टातून मी परस्पर घरी जाणार नाही. मला तंबूत ने आणि त्याच खुर्चीत बसव. माझ्यासमोर तो खेळ लाव. खोपट पेटलं की सांग. हात जोडू नकोस. ते काय काय बोलले असतील ते सगळं सांग, शिव्या गाळू नकोस, आणि बहीण समोर बसली म्हणून लाजू नकोस. त्यांच्या शिव्या मला पाठ आहेत, गाडीचा बैल अडला की देत त्याच. चुकलास तर मी खुर्चीवरून सांगेन.

तिळगूळ आण.

भिवाजीची,
सुंदरा