पाहुण्यांच्या दिवसाचा बेत

जोगजा,
३ ऑगस्ट १९९४

चिरंजीव पुर्नोमो यास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

फू… फू… लहानपणी आपण ज्या आवाजानं जागे व्हायचो, तो तुझ्या कानात अजून आहे का? कोंबडा नव्हे, मशिदीतली बांगही नव्हे. कापडावर मेणानं नक्षी आखायची ती तांब्याची लेखणी, चांटिंग, तिच्या चोचीत आई फुंकर घालायची, तो आवाज. अंधारात नुसती ती फुंकर आणि मेणाचा वास. आज पहाटे तुझं पत्र उशाशी ठेवून झोपलो होतो म्हणून असेल, पण तोच आवाज ऐकत जागा झालो आणि कितीतरी वेळ उठावंसंच वाटेना.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती कुरकुरते. गल्लीत सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, पताका लावायला सुरुवात झाली आहे. यंदाच्या कोरड्या ऋतूत दुपारी वारा नाही.

पत्र मिळालं. टंकलिखित होतं, तेव्हा आधी वाटलं पेन्शनीचं काही आलं. तर तू तुझ्या चित्रकार मित्रांना घेऊन सप्टेंबरात हॉलंडहून येणार, त्यांच्यासाठी मी एका दिवसाचा बेत आखावा, आणि त्यांना ‘खरं जोगजा’ दिसावं. खोटं कुठलं तेही लिहिलं असतंस तर तेवढं टाळायला बरं पडलं असतं.

असो. बेत आखला आहे. मी पडलो शाळामास्तर, जन्मभर पोरांकडून गाणी घोकून घेतली. आपली ती जुनी गायची वृत्तं आठवतात ना? गुरुजी सांगायचे, त्यांच्या क्रमात माणसाचा सगळा जन्म येतो. एक जन्मण्याचं, एक कोवळ्या वयाचं, एक प्रेमाचं, एक सुखाचं, मग रागाचं, मग पाठ फिरवण्याचं, प्राण सुटण्याचं आणि सर्वांत शेवटी कफनाचं. दिवसही तसाच घालावा असं मनात आलं. वहिनी म्हणाली, “पाहुण्यांना चहा कुठे मिळणार ते आधी लिहा.” म्हणून तेही लिहितो.

पहाटे तमनसारीला. राजाच्या जुन्या स्नानगृहाच्या त्या चुनखडी भिंतींवर पहिलं ऊन पडतं तेव्हा भिंत भिंत राहत नाही, दुधावरची साय होते. तेवढा अर्धा तास चित्रकारानं आयुष्यात एकदा बघावा. दार उशिरा उघडतात, पण तिथला राखणदार माझा विद्यार्थी. कवितेत दरवर्षी नापास व्हायचा. मी शब्द टाकला तर म्हणाला, “गुरुजी, तुमच्यासाठी कुलूपच काय, बिजागऱ्यासुद्धा काढून ठेवतो. फक्त परत चाल लावून म्हणायला सांगू नका.” तुझे मित्र पहाटे उठतात ना? चहा तिथेच, कोपऱ्यावरच्या बाईकडे.

मग राजवाडा. दुपारी बंद होतो, म्हणून आधीच. वाद्यांच्या मंडपात बसून रेखाटनं करू देतात, फोटोला मात्र हटकतात. तिथून दक्षिणेच्या गावात त्रिमोकडे. तो म्हशीच्या कातड्याच्या सावली-बाहुल्या कोरतो. अंग, हात, मुकुट, सगळं आधी. चेहरा सर्वांत शेवटी. चेहरा कोरताना तो कुणाशी बोलत नाही, आणि कुणी त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही. तुझ्या लोकांना तेवढं बजाव. त्यानं तुझी चौकशी केली. म्हणाला, “तुमचा धाकटा अजून चित्रं काढतो, की आता नुसता चित्रांवर बोलतो?” मी म्हटलं, दोन्ही करत असेल. तो म्हणाला, “एका तोंडानं दोन कामं, मोठा माणूस.”

दुपारी झोप. जेवण आपल्याकडे: फणसाचा गुडेग, अंडी, वर कुरकुरीत कातडं. खडीसाखरेचा चहा.

पाचनंतरचं कोरं ठेवलं आहे. काही सुचत नाही.

तुझ्या ताईकडे, वार्सीकडे, जाणार नाही. तिचं घर त्रिमोकडच्या, इमोगिरीच्या वाटेवरच पडतं आणि मेणाचं हातचं काम बघायचं तर तिच्या अंगणासारखी जागा आज जोगजात उरलेली नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तरी जाणार नाही. का, ते विचारू नकोस.

वहिनीचे आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझा,
हार्जोनोदादा


जोगजा,
२९ ऑगस्ट १९९४

पुर्नोमो,

आशीर्वाद. तुझं उत्तर परवा आलं. दोनदा वाचलं, मग वहिनीनं मागून घेतलं.

बेत तुला पसंत पडला, तमनसारीचं वर्णन तू मित्रांना वाचून दाखवलंस, आनंद वाटला. मी कोरं ठेवलेलं पाचनंतरचं तू भरून काढलंस. म्हणजे असं: तू आईचं कापड बरोबर आणणार, ते आपल्या पुढच्या खोलीत आजोबांची तसबीर उतरवून त्या भिंतीवर लावायचं, वरून दिवा सोडायचा, तू आईविषयी बोलणार, मी एखादी कविता म्हणायची. मग तिथेच, जिथे ते जन्मलं त्या घरात, तिकडच्या संग्रहालयाला ते कायमचं देत असल्याच्या कागदावर तू सही करणार. वर्तमानपत्राचा माणूस येणार आहे.

वहिनीनं पत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाली, “म्हणजे ते परत न्यायलाच आणतोय.”

तू गेल्या वेळी आलास ती दुपार मला आज लिहून काढायची आहे. तुझ्या छापील पुस्तकात, कापडाच्या फोटोशेजारी लिहिलं आहे की आईनं ते तुला आशीर्वाद म्हणून दिलं. मी तिथेच बसलो होतो.

आईनं कपाटातून ते काढलं आणि आपल्यासमोर उलगडलं. डोळे गेल्यासारखेच होते तिचे, खिडकीशी बसून जवळजवळ बोटांनी आखलं होतं तिनं ते. रंग वार्सीनं चढवला. स्लोबोग. आपल्यात ती नक्षी कशासाठी काढतात हे जोगजातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. माणूस गेलं की आंघोळीपासून मातीपर्यंत त्याच्यावर घालायची. जाणाऱ्याची वाट ऐसपैस व्हावी, कुठे अडू नये, म्हणून. आई हसत म्हणाली होती, “हे माझं निघायच्या दिवसाचं. बघून घ्या, नंतर मला दाखवता यायचं नाही.”

तू ते उजेडात धरलंस. रेघेबद्दल बोललास. खरं सांगू, सुंदर बोललास. त्या घरात कुठल्या पुरुषानं तिच्या रेघेबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. वडील कापड विकायचे, मी कविता म्हणायचो. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. आणि ती म्हणाली, “आवडलं तुला? मग ने.”

पुर्नोमो, आपल्या घरात ‘ने’ म्हटलं की काय म्हणायचं असतं? शेजारच्या काकू तळलेली केळी पुढे करायच्या तेव्हा तुझ्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं, तरी तू नको म्हणायचास. पहिल्यांदा हसून, दुसऱ्यांदा हात मागे घेऊन, तिसऱ्यांदा मान खाली घालून. तेव्हा कुठे घ्यायचं, किंवा घ्यायचंच नाही. देणाऱ्याचाही मान राहतो, वस्तूही जागेवर राहते. आई तुझ्या ‘नको’ची वाट बघत होती. तिला ते ऐकायचं होतं, म्हणजे तिनं ते पुन्हा घडी घालून कपाटात ठेवलं असतं आणि मरेपर्यंत सांगितलं असतं, माझ्या धाकट्याला इतकं आवडलं होतं, पण घेतलं नाही हो त्यानं.

तू पहिल्याच वेळेला “थँक्यू, आई” म्हणालास आणि घडी घातलीस.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तरी काय करणार? आईच्या हातून निघालेलं दान मधेच धरायचं, हेही आपल्यात बसत नाही. तुला ते माहीत होतं. तू हॉलंडला जाऊन विसरलास असं मी लोकांना सांगतो. मला स्वतःला ते खरं वाटत नाही.

वार्सी तुझ्या टॅक्सीपर्यंत अनवाणी आली होती. तुला म्हणाली, “पुर्नोमो, ते निघायच्या दिवसाचं आहे रे.” आणि तू म्हणालास, “म्हणूनच तर, ताई. अशी वस्तू जमिनीत आणि कपाटात कुजायला नको.”

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. तुला तिकीट मिळालं नाही. फुलांचं भलंमोठं चक्र आलं, त्यावर तुझं नाव आईच्या नावापेक्षा मोठं होतं. ते सोडून दे. आंघोळ घालताना तिच्या अंगावर टाकायला कापड हवं होतं, तर ऐन वेळी बाजारातून छापील आणलं. दुकानदार म्हणाला, पक्क्या रंगाचं आहे. पहिलं पाणी ओतलं आणि रंग सुटला. वार्सी आतून म्हणाली, “दादा, आईच्या अंगाला रंग लागतोय.” ओरडली नाही. नुसतं सांगितलं, भात लागला म्हणून सांगावं तसं. जिच्या हातच्या कापडाचा रंग लोकांच्या तीन पिढ्यांत गेला नाही, तिच्या खांद्यावर निळा ओघळ. बायका घासत होत्या आणि तो पूर्ण निघाला नाही. तशीच तिला पांढऱ्यात गुंडाळली.

दिवस झाल्यावर वार्सी मला म्हणाली, त्याला लिही, ते परत पाठव म्हणावं. मी लिहिलं होतं, आठवत असेल. चांगलं चार पानी. चंद्र, दव, घरट्याकडे परतणारी पाखरं. त्याचं उत्तर म्हणून तू ते छापील पुस्तक पाठवलंस. वार्सीनं ते पाहिलं, माझ्या पत्राची नक्कल मागून वाचली आणि म्हणाली, “दादा, यात कापड कुठे आहे?” त्यानंतर ती या घराची पायरी चढली नाही. ईदलाही नाही. मीच जातो, अंगणात बसतो, ती मेण तापवते, मी काहीबाही बोलतो, या वेळी तुझ्या पाहुण्यांचंही बोललो.

म्हणून आज पाखरं नाहीत. साधं लिहितो.

वार्सी आजारी आहे. पोटात गाठ आहे, पसरली आहे. तिनं मला सांगितलं नाही, तिच्या सुनेनं सांगितलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं म्हणजे काय ते तुला कळेल. सुनेनं तिला विचारलं, सासूबाई, तुम्ही सगळ्या गावाला स्लोबोग आखून दिलीत, स्वतःसाठी का नाही आखत? तर म्हणाली, “माझं हॉलंडला आहे.”

एवढंच म्हणाली.

आईला मिळालं नाही. वार्सीचा अर्धा हात त्यात आहे, निदान तिला मिळू दे. कापड आण. भिंतीवर लावू नकोस. दिवा नको, भाषण नको, कविता तर मी म्हणणारच नाही. संग्रहालयाला काय सांगायचं ते तुझं तू सांग. तुला बोलता येतं. तुझे मित्र आमचे पाहुणे आहेत, त्यांचा काही दोष नाही. पहाटेपासून दुपारच्या चहापर्यंत मी त्यांना हौसेनं फिरवीन, त्रिमोच्या दारात गप्प बसवीन, गुडेग वाढीन. पण ते कापड या घरात येऊन पुन्हा बाहेर जाणार असेल, तर तू आणूही नकोस आणि तूही येऊ नकोस. वयाची सत्तरी उलटली, पण ‘येऊ नकोस’ हे शब्द मी पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे.

तू म्हणशील, मग त्या कापडाचं मातीत काय होणार? कुजेल. ते त्यासाठीच आखलं होतं.

थांबतो जरा. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आहे आणि वहिनी मला हाका मारते आहे. तिचा आवाज नेहमीचा नाही.

पुर्नोमो, वार्सी आली आहे. एकटी. एवढीशी झाली आहे रे, दाराच्या चौकटीला धरून उभी आहे, दुसऱ्या हातात कपड्यांचं गाठोडं. वहिनी आत घ्यायला गेली तर म्हणाली, थांब, दम लागलाय. मग मला विचारलं, “पाहुणे यायला अजून किती दिवस आहेत?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मग तेवढे मी काढते. इथेच.”

माझ्या हातात हा कागद बघून म्हणाली, “त्यालाच लिहितोयस ना? बाकी काही लिहू नकोस. ताई दारात आहे, एवढं लिही.”

ताई दारात आहे.

हार्जोनो